काळीभोर म्हैस फोनमध्ये राखाडी का दिसते?

डबक्यात निवांत बसलेल्या काळ्याभोर म्हशीचा फ्रेम भरून फोटो काढा. बऱ्याचदा ती राखाडी उतरते. आता पांढऱ्याशुभ्र खिलार बैलाकडे वळा. तोही मळकट! याचं कारण असं की, समोरचा सगळा उजेड-अंधार एकत्र केला की मधली राखाडी छटा यायला हवी, असं कॅमेऱ्याचं प्रकाशमापन गृहीत धरून चालतं. म्हणून काळ्याला कॅमेरा उजळवतो आणि पांढऱ्याला काळवंडवतो.

उपाय बोटाच्या टोकावर आहे. स्क्रीनवर म्हशीला टॅप करा, बहुतेक फोनमध्ये शेजारी छोटा सूर्य दिसतो. तो खाली सरकवला की म्हैस पुन्हा काळी, बैलासाठी वर सरकवला की बैल पुन्हा पांढरा. हिशेब उलटा वाटतो ना? काळ्यासाठी उजेड कमी, पांढऱ्यासाठी जास्त. फोन आपल्या वतीने सतत अंदाज बांधत असतो. तो कुठे चुकतो हे कळलं, की साध्या फोनमधूनही झकास फोटो निघतात.

रंगसुद्धा अंदाजानेच येतात, बरं का! सेन्सरवरचा एकेक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग टिपतो, उरलेले दोन शेजाऱ्यांकडे बघून गणिताने काढले जातात. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची ही करामत, पेटंट 1976 सालचं. त्यांनी निम्मे पिक्सेल हिरव्याला दिले, कारण माणसाचा डोळा हिरव्यातले बारकावे सर्वांत छान टिपतो.

108 मेगापिक्सेलच्या आकड्यालाही भुलू नका. असे बरेच फोन एरवी नऊ-नऊ पिक्सेलचा एक करून 12 मेगापिक्सेलचाच फोटो देतात, आणि कमी उजेडात तोच चांगला येतो. 2000 साली जपानमध्ये आलेल्या शार्पच्या कॅमेरा-फोनमध्ये तर जेमतेम 1 लाख 10 हजार पिक्सेल होते. त्याच्याही आधी, 11 जून 1997 रोजी, कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या प्रसूतिगृहात फिलिप कान यांनी डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल एकमेकांना जोडून नवजात लेकीचा फोटो दोन हजारांहून जास्त लोकांना पाठवला होता. बारशाच्याही आधी!

सेल्फीत नाक मोठं दिसतं, ही तक्रार खरी आहे. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणितच मांडलं: 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे 30 टक्के जास्त रुंद दिसतं, पाच फुटांवरून मात्र जसंच्या तसं. तेव्हा आजीचा फोटो काढताना तिच्या तोंडाजवळ फोन नेऊ नका. पाच फूट मागे उभे राहा आणि 2एक्स झूम लावा.

आता फुलांच्या फोटोंसाठी कास पठार. युनेस्कोने 2012 मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून गौरवलं, त्यात कासही आहे. सप्टेंबरात तिथे सीतेची आसवं फुलतात. इवलंसं जांभळं फूल, आणि आपण उभ्याउभ्या वरून फोटो काढतो! मग जांभळ्या ठिपक्यांपलीकडे हाती काही लागत नाही. पायवाटेच्या कडेला उकिडवे बसा आणि फोन चक्क उलटा धरा, म्हणजे लेन्स जमिनीलगत येते. फूल एकदम झाडाएवढं भासतं, मागे आभाळ येतं, पाकळीवरचा थेंबही दिसतो. मात्र फार जवळ गेलात तर फूल धूसर होईल, तेव्हा थोडं मागे सरकून 2एक्स करा. आणि कृपा करून पायवाट सोडू नका. एका फोटोपायी शंभर फुलं तुडवली जातात.

पणत्यांच्या फोटोत ज्योतीतून लांबलचक प्रकाशरेषा निघतात? लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा आहे, मऊ सुती कापडाने पुसा. रात्री बटण दाबल्यावरही फोन दोन-तीन सेकंद हलवू नका, कारण नाइट मोड एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतो. धावत्या लोकलमधून विजेचे खांब तिरके येतात? सेन्सर चित्र ओळी-ओळीने वाचतो, तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते. त्याला इलाज नाही, मजा घ्या.

आणि टाइम-लॅप्स? तो आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्येच करून दाखवला. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज थोडी-थोडी चित्रित केली आणि पडद्यावर रोप भराभर वाढताना दाखवलं. तुमच्या फोनमध्ये हे बटण तयारच आहे. यंदा दिवाळीत ते दारातल्या रांगोळीवर लावा: फोन स्टुलावर घट्ट टेकवा, चार्जर जोडा आणि विमान मोड चालू करा, नाहीतर ऐन रंग भरताना मावशींचा फोन यायचा.