ताडोबाचे फाटक बंद झाले तर सहलीचे काय?

ऑक्टोबर महिना जवळ आला की आपल्या वस्त्यांमधून सहलीची जुळवाजुळव सुरू होते. नागपूरची दीक्षाभूमी, 15 आणि 16 ऑक्टोबरचा चंद्रपूरचा सोहळा, आणि एवढ्या लांब आलोच आहोत तर मुलांना ताडोबाचा वाघही दाखवून आणू, असा बेत अनेक कुटुंबे आखतात. वर्गणी जमते, गाडी ठरते, भाकऱ्या बांधल्या जातात. आणि मोहर्लीच्या फाटकावर गेल्यावर कळते की आज मंगळवार, जंगल बंद! मुलांची तोंडे उतरतात, गाडीभाडे मात्र द्यावेच लागते.

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले. राज्यातले हे सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. पुढे अंधारी अभयारण्य जोडून त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. आतल्या राखीव जंगलाला गाभा क्षेत्र म्हणतात आणि त्याच्या भोवतालच्या, गावे आणि शेती असलेल्या पट्ट्याला बफर. हा फरक लक्षात ठेवावा, कारण बंदी येते ती बहुधा आधी गाभा क्षेत्रावर.

ठरलेली बंदी

गाभा क्षेत्र दरवर्षी 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असते. पावसात कच्च्या वाटांचा चिखल होतो, गाड्या रुततात, चाकोऱ्या पडून रस्ते उखडतात. गवत वाढण्याचा आणि कितीतरी जीवांच्या विणीचा हा काळ. याशिवाय दर मंगळवारी सुट्टी. माणसाला आठवड्याची सुट्टी लागते, तशी जंगलालाही लागते. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. ही बंदी सर्वांना आधी माहीत असते. गाइड त्या हिशेबाने चार पैसे मागे टाकतो, पावसाळ्यात शेतीच्या कामाला जातो. ठरलेल्या बंदीने कोणाचे घर बसत नाही.

अचानक आलेली बंदी

घर बसते ते अचानक आलेल्या बंदीने. 24 जुलै 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटनाला अंतरिम बंदी घातली. गाभा क्षेत्र वाघासाठी पूर्णपणे निर्मनुष्य ठेवावे, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते. पावसाळ्यात बहुतेक जंगले तशीही बंदच असतात, पण पुढच्या मोसमाचे बुकिंग याच महिन्यांत होते. जंगल उघडेल की नाही, हेच ठाऊक नसेल तर पैसे कोण भरणार? केंद्राच्या व्याघ्र प्राधिकरणाने नवे नियम काढल्यावर 16 ऑक्टोबर 2012 रोजी बंदी उठली. म्हणजे चंद्रपूरला जमलेल्या आपल्या लोकांना त्या वर्षी सोहळ्याच्या दिवसापर्यंत गाभा क्षेत्राचे दार बंदच होते. नव्या नियमांनी गाभा क्षेत्रातील जास्तीत जास्त 20 टक्के भागातच पर्यटनाला मुभा ठेवली आणि तेथे नवी बांधकामे करण्यास मनाई केली.

दुसरा घाला आला मार्च 2020 मध्ये, करोनाच्या साथीत. एप्रिल-मे हा जंगलाचा ऐन मोसम. पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर वाघ येतो, म्हणून याच दिवसांत गर्दी असते. वर्षाची कमाई ज्या दोन महिन्यांत व्हायची, तेच दोन महिने हातचे गेले.

भार कोणावर?

फाटक बंद झाले की मोठ्या हॉटेलवाल्याचे नुकसान होतेच, पण तो तग धरतो. गाइडला फेरीप्रमाणे पैसे मिळतात. फेरी नाही तर मजुरी नाही. जिप्सी चालवणाऱ्या कित्येकांच्या गाडीवर कर्ज असते, आणि हप्ता बंदी पाहून थांबत नाही. चहाची टपरी, जेवण करून देणाऱ्या बाया, घरातली खोली भाड्याने देणारे कुटुंब, सगळ्यांची चूल त्याच फाटकावर अवलंबून. ही माणसे जंगलाच्या कडेच्या गावांतली आहेत. बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावे तर वाघासाठी आपली जागा सोडून बाहेर वसली. ज्यांनी जंगलासाठी एवढे सोसले, त्यांच्याच पोटाचा विचार बंदीच्या हुकमात शेवटी यावा, हा न्याय नव्हे.

बंदी टाळता येत नसेल तर ती शक्य तितकी आधी जाहीर करावी. बंदीच्या काळात गाइड व चालकांना रस्तेदुरुस्ती, जाळरेषा, गस्त अशी जंगलाचीच कामे रोजंदारीवर द्यावीत. जंगल त्यांच्याइतके कोणाला ठाऊक आहे?

सहल काढणाऱ्यांसाठी

वर्गणी गोळा करण्याआधी तारखा पाहा. मंगळवार टाळा. गाभा क्षेत्राचे बुकिंग वनखात्याच्या संकेतस्थळावर आधी करावे लागते, आणि ऑक्टोबरच्या सुट्ट्यांच्या जागा लवकर भरतात. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, सोबत गाइड घ्यावाच लागतो. बुकिंग करताना दिलेले ओळखपत्रच फाटकावर दाखवावे लागते, ते घरी विसरू नका.

गाभा क्षेत्रात जागा नसेल तर आगरझरी, जुनोना, देवाडा, मदनापूर अशी बफरची फाटके आहेत. वाघ सीमारेषा पाहून फिरत नाही, तो तिथेही दिसतो. बफरचे चालू-बंदचे दिवस मात्र वेगळे विचारून घ्या.

यात्रा कंपनीमार्फत जाणार असाल तर सगळे पैसे एकदम देऊ नका. जंगल बंद झाल्यास किती पैसे परत मिळतील, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी शब्द वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही.

आपल्या मुलांनी वाघ पिंजऱ्यात नव्हे, रानात पाहावा. त्यासाठी सहल जरूर काढा, पण तारीख पाहून काढा. आणि जंगलात गेल्यावर गाइडला त्याच्या गावाचे नाव विचारा, टपरीवर चहा घ्या, जेवण गावातच करा. आपण कष्टाने जमवलेले चार पैसे आपल्यासारख्याच कष्टकऱ्याच्या घरी जाऊ द्या.