अधांतरी, लेखांक ६ : पोल, त्वचा आणि खांदे

पोल डान्स करणाऱ्यांचे कपडे इतके आखूड का असतात, असा प्रश्न पडलेल्यांनी पायघोळ लेगिंग घालून एकदा पोलवर चढून पाहावं. पायांची कैची कितीही आवळली, हातांनी कितीही जीव खाऊन धरलं, तरी माणूस सावकाश सरकत जमिनीवर येतो. क्रोमच्या गुळगुळीत दांड्यावर कापड टिकत नाही, उघडी त्वचा टिकते. मांडीची आतली बाजू, गुडघ्यामागची लवण, कोपराची खोबण, काख, कमरेची बाजू अशा सगळ्या जागांनी इथे धरायचं असतं. मल्लखांबपटू लंगोट किंवा आखूड पोशाख घालतो त्यामागेही हेच कारण आहे. त्याच्या पोशाखाकडे पाहून कुणी नाक मुरडत नाही. पोलवरच्या मुलींनाही तोच न्याय मिळावा असं मला मनापासून वाटतं.

मागच्या दोन लेखांकांत आपण पुरलेला आणि दोरीचा मल्लखांब पाहिला. पोल डान्स मल्लखांबातूनच निघाला, असं अलीकडे अभिमानाने सांगितलं जातं. मला ते पटत नाही. मल्लखांब कुस्तीच्या आखाड्यात वाढला. पोलचे पूर्वज चिनी सर्कशीतल्या उंच खांबावरच्या कसरतींत सापडतात, आणि आजचं त्याचं रूप घडलं ते उत्तर अमेरिकेतल्या रात्रीच्या क्लबांमध्ये. विशेषतः १९८०च्या दशकापासून तिथल्या नर्तिकांनी यातल्या कितीतरी चाली स्वतःच्या अंगावर मार सोसून शोधल्या. १९९०च्या दशकात सर्वसामान्य स्त्रियांसाठी वर्ग सुरू झाले. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स महासंघ स्थापन झाला, २०१२ मध्ये लंडनला जागतिक स्पर्धा झाली आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या शिखर संघटनेने पोल स्पोर्ट्सला निरीक्षक सदस्याचा दर्जा दिला. खेळ म्हणून मान मिळवण्याच्या या वाटचालीत ‘आम्ही त्या क्लबवाल्या नव्हे’ असं सांगण्याची घाई काहींना झाली. ज्यांनी विद्या घडवली त्यांनाच दाराबाहेर ठेवण्याचा हा प्रकार आहे. आपल्याकडे लावणीच्या कलावंतिणींच्या बाबतीत हे पूर्वी घडलेलं आहे, म्हणून ते मला जास्त टोचतं.

नातं रक्ताचं नसलं तरी शरीराला सुचलेली उत्तरं मात्र सारखी आहेत. मल्लखांबावरची अढी आणि पोलवर गुडघ्याच्या लवणीने लटकणं शेजारी शेजारी ठेवून पाहा. पायांचं काम ओळखीचं वाटेल. फरक साधनाचा आहे. मल्लखांब लाकडी, बुंध्याशी जाड, वर निमुळता आणि एरंडेल चोळलेला. तो मांड्यांनी कवटाळायचा. पोल धातूचा, खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचा, मुठीत मावणारा. त्याला तेलाचा एक थेंबही चालत नाही.

आता त्वचेकडे येऊ, कारण बाकीचं बरंचसं तिच्यावर ठरतं. त्वचा मऊ असते. दाबली की धातूवर पसरते आणि त्याला बिलगते. ती अगदी कोरडी असली तर घसरते, घामाने निथळत असली तरीही घसरते. मधली किंचित दमट अवस्था सगळ्यांत चांगली धरते, आणि ती अवस्था रोज वेगळ्या रस्त्याने गाठावी लागते. जुलैतल्या मुंबईत हवेतच इतकं पाणी असतं की घाम वाळायचं नाव घेत नाही. पुण्यात जानेवारीच्या सकाळी नेमकं उलटं होतं: हातपाय कोरडे, पोल गारठलेला. गार धातू धरत नाही. म्हणून पहिली काही मिनिटं सोप्या गिरक्यांमध्ये घालवावीत, म्हणजे अंगाची ऊब पोलला लागते आणि स्नायूही जागे होतात. पावसाळ्यात पुष्कळ जण एसी कडक लावून ठेवतात. त्याने घाम थांबतो, पण पोल आणि खांदे दोन्ही थंड पडतात. एसीचा हवा कोरडी करणारा मोड लावून तापमान बेताचं ठेवणं मला जास्त बरं वाटतं.

हाताला लावायची द्रव्यंही या दोन अवस्थांप्रमाणे दोन तऱ्हेची असतात. लिक्विड चॉक म्हणजे अल्कोहोलमध्ये मिसळलेलं मॅग्नेशियम कार्बोनेट. ते घाम शोषून घेतं. दुसऱ्या तऱ्हेची द्रव्यं कोरड्या त्वचेला किंचित चिकटपणा आणतात. ज्यांची त्वचा मुळात कोरडी, तेही मैत्रिणीचं पाहून चॉक लावतात आणि आणखी घसरतात. आधी आपला तळहात ओळखावा, मग बाटली विकत घ्यावी. मॉइश्चरायझर वर्गाच्या दिवशी नको आणि आदल्या रात्रीही शक्यतो नको. खोबरेल तेलाबद्दल तर बोलायलाच नको. ते आंघोळीनंतरही त्वचेवर रेंगाळतं. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान केलंत तर त्या दिवशी पोलला सुट्टी द्या. अंगठ्या, कडी, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावं. अंगठी पोलवर ओरखडे पाडते आणि गिरकीत बोटही चिमटते. पोल पुसायला मऊ कापड आणि स्पिरिट पुरतं. एकाच पोलवर दोघी सराव करत असतील तर प्रत्येक पाळीनंतर तो पुसायचा, कारण दुसरीच्या अंगाचा तेलकटपणा आपल्याला दिसत नाही, पण हात सुटतो तेव्हा कळतो.

धातूंमध्ये क्रोमचा मुलामा दिलेलं पोलाद सगळीकडे दिसतं. पितळ जास्त धरतं, म्हणून उष्ण आणि दमट हवेत अनेकांना ते आवडतं. पावडर कोटिंग केलेला पोल त्याहून घट्ट धरतो, पण गिरक्यांमध्ये त्वचा सोलून काढतो. स्टेनलेस स्टील थोडं निसरडं, पण एका कारणासाठी फार उपयोगी. क्रोमच्या मुलाम्याखाली बहुधा निकेलचा थर असतो, आणि वरचा थर झिजला की तो त्वचेला लागू लागतो. खोट्या दागिन्यांनी ज्यांच्या कानांना किंवा गळ्याला पुरळ येतं, त्यांनी क्रोमवर सराव करताना मांड्यांवर खाज किंवा चट्टे दिसतात का, याकडे लक्ष द्यावं आणि दिसले तर स्टील किंवा पावडर कोटिंगकडे वळावं. जाडी बहुतेक ठिकाणी ४५ मिलिमीटर असते, स्पर्धांतही हीच. जुन्या स्टुडिओंत ५० मिलिमीटरचे पोल सापडतात. लहान मुठीला त्यावर बोटं पुरत नाहीत, पण मांडीला आणि गुडघ्याला जास्त धातू मिळतो.

घरी पोल लावण्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. घरगुती पोल बहुधा दाबावर उभा असतो: स्क्रू फिरवून त्याची लांबी वाढवतात, तो जमीन आणि छत यांच्यात ताठ अडकतो. छताला भोक पडत नाही म्हणून भाड्याच्या घरातही लोक तो घेतात. मात्र आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये आज बरीच छतं पीओपीची किंवा जिप्समची असतात. अशा फॉल्स सीलिंगवर पोल टेकवणं म्हणजे अपघाताला बोलावणं. वरचं टोक थेट काँक्रीटच्या स्लॅबला किंवा तुळईला टेकलं पाहिजे. शिवाय पोल उभ्या रेषेत आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नये. गवंड्याकडचा ओळंबा लावावा किंवा लेव्हल घेऊन दोन बाजूंनी तपासावं. माणूस गिरकी घेतो तेव्हा पोलवर आडवा जोर येतो, आणि किंचित कललेला पोल त्या जोराने हळूहळू सैल होत जातो. म्हणून प्रत्येक सरावाआधी तो हलवून, ओढून पाहायचा. कालच पाहिला होता हे कारण चालत नाही. आजूबाजूला हातपाय पसरून फिरता येईल इतकी मोकळी जागा हवी. टीव्हीचं कपाट, पलंगाचा कोपरा, ट्यूबलाइट यांपैकी काहीही त्या वर्तुळात असता कामा नये. खाली जाड क्रॅश मॅट घ्यावी, पण मॅट आहे म्हणून डोक्यावर उलटं होण्याचा पहिला प्रयत्न एकटीने करू नये. मान वाकडी पडली तर मॅटचा काही उपयोग नाही. पडद्याचा रॉड, बाल्कनीचा खांब, ड्रेनेजचा पाइप यांवर सराव केल्याचे व्हिडिओ फिरत असतात. ते पाहून कृपया मोहात पडू नका.

पहिला खरा धडा चढण्याचा. दोन्ही हातांनी वर धरायचं. एका पायाचा पंजा वर खेचून ठेवायचा आणि त्या पायाची नडगी पोलला तिरपी चिकटवायची. दुसऱ्या पायाचा गुडघा पलीकडून दाबायचा, म्हणजे पोल दोन पायांच्या चिमट्यात सापडतो. मग हात वर सरकवायचे, गुडघे वर घ्यायचे, पुन्हा चिमटा आवळायचा आणि पाय सरळ करत उभं राहायचं. नवशिक्या हातांनीच अंग ओढत राहतात आणि तिसऱ्या पायरीला दमतात. वर नेण्याचं मुख्य काम पायांचं आहे. नडगीला पहिले काही आठवडे सणसणून दुखतं. ते दुखणं हळूहळू कमी होतं.

यानंतर सगळ्यांना उलटं व्हायची घाई असते, आणि खांद्यांची वाट इथेच लागते. हातांवर लटकताना खांदे कानांपर्यंत वर गेले की अंगाचा भार स्नायूंऐवजी सांध्यावर आणि त्याभोवतीच्या नाजूक कंडरांवर येतो. म्हणून लटकण्याच्या आधी खांदे खाली ओढून पाठीचे फरे जागेवर घट्ट बसवायचे. मान लांब दिसली पाहिजे. उलटं होताना जमिनीवरून लाथ मारून पाय वर फेकायचे नसतात. पोल अंगालगत घ्यायचा, छाती मागे टाकायची आणि ओटीपोट आकसून कंबर वर उचलायची. हात वाकवून, गुडघे पोटाशी घेऊन काही सेकंद स्थिर लटकता येत नसेल तर उलटं होण्याची वेळ आलेली नाही. हे सांगितलं की चेहरे पडतात, तरी सांगायलाच हवं. लाथ मारून वर गेलेलं शरीर त्या वेळी वर जातं खरं, पण खांद्याला बसलेला हिसका महिनोन्‌महिने साथ सोडत नाही. दोन हात लांब ठेवून अंग आडवं धरण्याच्या पकडीत वरचा हात ओढतो आणि खालचा ढकलतो. खालच्या मनगटावर आणि कोपरावर तिथे बराच भार येतो, म्हणून कोपर मागे मोडल्यासारखं ताणू देऊ नये. वरचा हात पिळून धरायची जी पकड आहे, तिच्या वाटेला नवशिक्याने जाऊच नये असं माझं मत आहे. दंड आत वळलेल्या स्थितीत सगळं वजन घेणं अनुभवी खांद्यालाही जड जातं.

स्पर्धेत चार मीटर उंचीचे दोन पोल असतात: एक स्थिर, एक फिरता. स्थिर पोलवर आपण फिरतो, फिरत्यावर पोलच बेअरिंगवर आपल्याला घेऊन फिरतो. फिरत्या पोलवर हातपाय अंगाशी घेतले की वेग वाढतो, पसरले की मंदावतो. घेरी येऊ लागली तर नजर खोलीभर न भिरकावता वरच्या हातावर ठेवावी आणि अंग पसरून वेग उतरवावा.

काळेनिळे डाग या खेळात सुरुवातीला येतातच. मांडीवरचे, लवणीतले डाग काही दिवसांत हिरवे-पिवळे होऊन विरतात. ते मिरवण्याची एक रीत पडली आहे. मला ती आवडत नाही, कारण त्यामुळे खरी इजा लपते. डागाच्या जागी मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल, गाठ घट्ट होत चालली असेल, तर थांबावं आणि डॉक्टरांना दाखवावं. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी सुरुवात करण्यापूर्वीच विचारावं. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, कंडरा मात्र फार सावकाश जुळवून घेतात. म्हणून तीन-चार महिन्यांनी, जोर आल्यासारखा वाटू लागतो तेव्हाच कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं सुरू झालेलं दिसतं. त्यावर एकच इलाज लवकर लागू पडतो: सलग दिवस पकडीचा सराव न करणं. स्प्लिटच्या हट्टापायी मांडीच्या मागच्या बाजूला, बसायच्या हाडापाशी खोल दुखू लागलं तर ताणणं बंद करून तिथली ताकद वाढवण्याचे व्यायाम करावेत. आणि सोपी बाजू, अवघड बाजू असा भेद न करता दोन्ही बाजूंनी तितकाच सराव करावा. एकाच खांद्याने वर्षभर लटकलेल्या माणसाची पाठ मागून पाहिली की डावं-उजवं लगेच कळतं.

उतरण्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. गुडघ्याने उलटं लटकलेलं असताना आधी दोन्ही हात पोलवर घट्ट घ्यावेत, खांदे बसवावेत, मगच पाय सोडावा. पाय सुटल्यावर गुडघे पोटाशी आणत, पाठ गोल ठेवून, सावकाश जमिनीवर यावं. तळहात ओले झालेत असं वर असताना जाणवलं तर पुढची चाल करू नये, त्याच क्षणी उतरायला लागावं. वर्गाच्या शेवटच्या दहा मिनिटांत, मूठ थकलेली असताना, नवीन उलटी चाल शिकू नये आणि शिकवूही नये.

(पुढच्या लेखांकात : एरियल सिल्क, म्हणजे छताला टांगलेल्या कापडावरच्या कसरती.)