वाईनमधला पेरू आणि निफाडची थंडी

द्राक्षे पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात जिथे हवा, विशेषतः रात्रीची हवा, गार असते, त्या प्रदेशातील वाईनला थंड हवामानाची वाईन म्हणतात. फ्रान्समधील शॅम्पेन आणि शाब्ली, जर्मनीतील मोझेलचे खोरे, न्यूझीलंडमधील मार्लबरो आणि ऑस्ट्रेलियाचे टास्मानिया बेट ही तिची नेहमीची उदाहरणे. अशा वाईनची चव घेणाऱ्या समीक्षकांच्या लिखाणात तरतरीत आंबटपणा, हिरवी ढोबळी मिरची, काळी मिरी, ओला दगड असे शब्द पुन्हा पुन्हा येतात. नाशिक जिल्ह्यातील छोट्या वायनरींच्या वाईनचे वर्णन करतानाही आता हेच शब्द वापरले जातात. सुट्टीसाठी श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वरला उतरणाऱ्या पाहुण्यांच्या सामानातून या बाटल्या किनाऱ्यावरही येतात. वर्णनाचे शब्द मात्र वाचणाऱ्यापर्यंत नीट पोचत नाहीत आणि त्यातून बरेच गैरसमज तयार होतात.

सर्वात साधा गैरसमज असा, की थंड हवामानाची वाईन म्हणजे थंडगार करून प्यायची वाईन. इथे थंडीचा संबंध वेलीशी आहे, पेल्याशी नाही. थंड प्रदेशातली तांबडी वाईन सौम्य तापमानालाच पितात आणि उष्ण प्रदेशातली पांढरी वाईनही गार करूनच देतात.

दुसरा गैरसमज अधिक खोल आहे. नाशिकला थंडी पडते, म्हणून नाशिकची वाईन थंड हवामानाची, असे बरेच जण धरून चालतात. निफाड तालुक्यातील कुंदेवाडीचे नाव दर हिवाळ्यात बातम्यांत येते, कारण तिथल्या गहू संशोधन केंद्रात राज्यातले नीचांकी तापमान अनेकदा नोंदवले जाते. याच कुंदेवाडीत रेव्हेलो ही छोटी वायनरी आहे. त्यामुळे समज पक्का व्हायला आधार मिळतो. थंडी खरी आहे, यात शंका नाही. पारा फार उतरला की बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, कारण वाढ खुंटते आणि मण्यांना तडे जातात. पण वाईनच्या हिशेबात प्रश्न वेगळा असतो: मणी पिकत असताना, म्हणजे मण्यात पाणी उतरल्यापासून तोडणीपर्यंत, हवा कशी होती?

युरोपात मणी ऑगस्टच्या सुमारास रंग धरतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडले जातात. हवा दिवसेंदिवस गार होत असताना द्राक्ष पिकत जाते. नाशिकला नेमके उलटे घडते. इथे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी तयार होते आणि पावसाळा सरल्यावरच्या ऑक्टोबर छाटणीनंतर त्या काडीवर घड येतात. मण्यांची वाढ डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत होते, पण तोडणी जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत चालते. म्हणजे हवा तापत चाललेली असताना द्राक्ष पिकते. कॅलिफोर्नियात अॅमरीन आणि विंकलर या संशोधकांनी 1944 मध्ये एक मोजपट्टी मांडली. रोजच्या सरासरी तापमानातून 10 अंश वजा करायचे आणि वेलीच्या हंगामभर ती बेरीज करत जायची. सेल्सियसमध्ये ही बेरीज सुमारे 1,390 च्या आत राहिली तर प्रदेश सर्वात थंड वर्गात बसतो. मोजपट्टी उन्हाळी हंगामासाठी आखलेली आहे, तरी अंदाजापुरती ती नाशिकच्या हिवाळी हंगामाला लावता येते. सरासरी 22-23 अंश धरली तर साडेपाच महिन्यांत बेरीज दोन हजारांच्या पुढे जाते. हा उष्ण प्रदेशाचा आकडा आहे.

बागायतदारांना हे ठाऊक आहे आणि ते त्यांच्या निवडीतून दिसते. राज्यातल्या सर्वात गारठणाऱ्या तालुक्यांपैकी एकात असूनही रेव्हेलोने ग्रिल्लो आणि नेरो दाव्होला या सिसिलीच्या जाती लावल्या. सिसिली हे भूमध्य समुद्रातले तापलेले बेट आहे आणि उन्हातही आंबटपणा टिकवून धरणे हा या जातींचा गुण. थंडीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावात उन्हाला टिकणारी द्राक्षे लावणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. नाशिकच्या वाईनचे मोल समजून घ्यायचे तर तिला उसने ‘थंड’ बिरुद लावण्यापेक्षा हिवाळ्यात वाढलेली उष्ण प्रदेशातली वाईन म्हणणे अधिक खरे आहे, आणि तिच्यासाठी अधिक सन्मानाचेही.

मग श्रीवर्धनला वाईनची द्राक्षे का होत नाहीत? सगळा दोष पावसाला दिला जातो. पाऊस आहेच. किनाऱ्यावर वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडते, निफाडला त्याच्या चौथ्या हिश्शाइतकेही नाही. पण तितकेच महत्त्व रात्रीला आहे. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीवरून मतलई वारे सुटतात, तरी पाण्याने धरलेली ऊब किनाऱ्याला फारसे गार होऊ देत नाही. ऐन जानेवारीतही रात्रीचा पारा सोळा-सतराच्या खाली क्वचितच जातो. दमट हवेत केवडा आणि भुरी हे द्राक्षाचे बुरशीजन्य रोग बळावतात. निफाड समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. एवढ्या उंचीने तापमान तीन-साडेतीन अंशच कमी होते. उरलेली थंडी कोरड्या हवेची आणि निरभ्र आकाशाची असते, कारण त्यामुळे जमिनीची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते. सुपारी आणि नारळाला मानवणारी ऊब द्राक्षाला मानवत नाही, एवढाच याचा अर्थ.

गार रात्रीचा चवीशी संबंध आम्लातून येतो. द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात. टार्टारिक आम्ल चिंचेला आंबट करते, तर मॅलिक आम्ल हिरव्या सफरचंदात असते. मणी पिकताना वेल श्वसनासाठी मॅलिक आम्ल खर्च करते आणि हवा जितकी उबदार तितका हा खर्च जास्त. टार्टारिक मात्र बरेचसे टिकून राहते. म्हणून उष्ण प्रदेशातले द्राक्ष गोड होते पण सपक लागते, आणि गार रात्री मिळालेल्या द्राक्षात गोडीबरोबर आंबटपणाही उरतो. समीक्षक ज्याला ‘ताजेपणा’ किंवा ‘कणा’ म्हणतात, तो बहुतांशी हाच आंबटपणा असतो. मात्र केवळ आंबटपणावरून प्रदेश थंड ठरवणे चुकीचे आहे. उष्ण प्रदेशात द्राक्ष लवकर तोडून आंबटपणा राखता येतो, आणि वाईन करताना टार्टारिक आम्ल मिसळण्याची पद्धतही तिथे रूढ आहे.

सर्वात जास्त चेष्टा होते ती वासांच्या वर्णनाची. वाईनमध्ये पेरू, लिची, मिरी आहे असे वाचले की एक तर ती फळे आत घातली आहेत असे वाटते, नाहीतर समीक्षकाने ते मनाने रचले असे. दोन्ही समज खोटे आहेत. द्राक्षाच्या वाईनमध्ये पेरू घालत नाहीत. पेरूला आणि पॅशनफ्रूटला वास देणारे गंधकयुक्त संयुग, थायॉल, सोविन्यों ब्लाँ जातीच्या वाईनमध्येही असते. ताज्या रसात ते बांधलेल्या, वास नसलेल्या रूपात असते आणि आंबवताना यीस्ट ते मोकळे करते. ढोबळी मिरचीचा वास पायराझिन गटातल्या संयुगाचा. ढोबळी मिरचीत आहे तेच संयुग सोविन्यों ब्लाँ आणि काबर्ने सोविन्यों या जातींत सापडते, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. ऊन आणि पक्वता वाढली की ते घटते, म्हणून गार प्रदेशाशी त्याचे नाते जोडले गेले. पण नाशिकच्या सोविन्यों ब्लाँमध्ये येणारा हिरवा वास बऱ्याचदा आंबटपणा राखण्यासाठी केलेल्या लवकर तोडणीचाही असू शकतो. तो वास खरा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा लागतो.

काळ्या मिरीची गोष्ट तर श्रीवर्धनच्या वाडीतून सहज कळावी अशी आहे. सुपारीच्या झाडावर चढवलेल्या मिरवेलीच्या दाण्यात रोटंडोन नावाचे संयुग असते. शिराझ द्राक्षाच्या सालीतही तेच असते, आणि गार जागी पिकलेल्या द्राक्षात त्याचे प्रमाण सहसा जास्त आढळते. मिरी आणि शिराझमधला हा दुवा ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2008 मध्ये उघड केला. त्याच कामात आणखी एक बाब पुढे आली. चाचणीतल्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या लोकांना हा वास भरपूर प्रमाणात देऊनही जाणवला नाही. एकाच पेल्यात एका समीक्षकाला मिरी सापडते आणि दुसऱ्याला सापडत नाही, तेव्हा दोघेही प्रामाणिक असू शकतात.

ओल्या दगडाचे वर्णन मात्र शब्दशः घेऊ नये. मातीतली खनिजे मुळांवाटे चढून वाईनला त्या मातीचा वास देतात, हा समज फार पसरलेला आहे. मुळे पाण्यात विरघळलेले क्षार घेतात आणि इतक्या अल्प प्रमाणात त्यांना वास नसतो. माती पाणी धरून ठेवते किंवा सोडते, मुळांची खोली ठरवते, आणि तिचा परिणाम होतो तो असा आडवळणाने. बेसाल्टच्या काळ्या जमिनीतली वाईन बेसाल्टसारखी लागते, हे म्हणणे अलंकारिक आहे.

फळाच्या वासावरून वाईन गोड असेल असे मानणेही चुकीचे. आंबवताना साखर जवळजवळ संपली असेल तर पेरू-अननसाचा वास असूनही वाईन कोरडी, म्हणजे अगोड असते. गोडी जिभेला कळते, फळ नाकाला. पेला हलवल्यावर काचेवर ओघळणाऱ्या धारा उत्तम प्रतीची खूण समजल्या जातात. अल्कोहोल पाण्याच्या आधी उडून जाते आणि पृष्ठताणातल्या फरकाने त्या धारा बनतात. प्रतीविषयी त्या काहीच सांगत नाहीत.

वास ओळखण्याची ही शक्ती काही निवडक लोकांची मिरास आहे, हा समज काढून टाकायला हवा. अॅन नोबल यांनी 1984 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रात वासांचे चक्र तयार केले, ते याचसाठी की सर्वांनी ओळखीच्या वस्तूंची सामाईक नावे वापरावीत. ती नावे युरोप-अमेरिकेच्या स्वयंपाकघरातली असल्याने इथल्या वाचकाला परकी वाटतात. अढी उघडताच कोणता आंबा आज खायचा हे वासावरून सांगणारे नाक, किंवा रोठा सुपारी अडकित्त्याने कातरून आतला पांढरा गर पाहून प्रत ठरवणारी नजर, हे त्याच जातीचे कौशल्य आहे. गूजबेरीऐवजी कैरी, पेरू, करवंद, ओले काजू अशी नावे वापरून मराठीत वाईनचे वर्णन लिहिले, तर ते जास्त अचूक होईल.

समीक्षकांच्या गुणांविषयी दोन टोकांचे समज आहेत. काहींना ते अंतिम निकाल वाटतात, काहींना निव्वळ थोतांड. समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी 1978 पासून लोकप्रिय केलेल्या शंभर गुणांच्या पद्धतीत मोजणी पन्नासपासून सुरू होते, म्हणून 85 गुण म्हणजे परीक्षेतले 85 टक्के नव्हेत. दुसऱ्या नामवंत समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन वीसपैकी गुण देतात. पदकांचेही तसेच आहे. लंडनच्या डिकँटर स्पर्धेत सुवर्णपदक म्हणजे पहिला क्रमांक नसतो. 95 किंवा 96 गुण मिळवणाऱ्या प्रत्येक वाईनला ते मिळते. संशोधक रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्निया राज्य मेळाव्यातल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन न सांगता तीनदा दिली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे दहा टक्के परीक्षकच गुणांत सातत्य राखू शकले. 2001 मध्ये छापून आलेल्या फ्रेंच प्रयोगात वाईनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाईन लाल रंग घालून दिली, तेव्हा त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाईनच्या शब्दांत केले. डोळा नाकाला फसवतो, एवढे यातून नक्की सिद्ध होते. शिक्षणाने काहीच साधत नाही, हे मात्र सिद्ध होत नाही. मास्टर ऑफ वाईन परीक्षेत नावे झाकलेल्या 36 वाईन ओळखून त्यांची कारणे द्यावी लागतात. भारतात राहून हा किताब मिळवणाऱ्या पहिल्या व्यक्ती सोनल हॉलंड, 2016 मध्ये. म्हणून गुणांपेक्षा वर्णन वाचावे, आणि एकाच समीक्षकाची बरीच वर्णने वाचून त्याची आवड ओळखावी. छोट्या वायनरीच्या बाबतीत हे अधिकच लागू पडते, कारण तिथे एका वर्षाच्या हवामानाने चव लक्षणीय बदलते आणि गेल्या वर्षीचे गुण यंदाच्या बाटलीला लावता येत नाहीत.

परीक्षक दिवसभर वाईन पितात, असेही समजले जाते. ते तोंडात घोळवून थुंकतात. वाईन आरोग्याला चांगली, हा समजही सोडायला हवा. तिच्यात साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल असते, आणि मद्य कोणत्याही प्रमाणात निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे. समीक्षकाची प्रशंसा फक्त चवीची असते.

किनाऱ्यावर या सगळ्या वर्णनांना धक्का बसतो तो साठवणुकीत. तांबडी वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हे वाक्य युरोपातल्या गार घरांसाठी होते, जिथे खोली 16-18 अंशांची असे. मे महिन्यात श्रीवर्धनच्या घरात पारा तिशीच्या पुढे असतो. त्या तापमानाला अल्कोहोल नाकात चढते, फळाचा वास दबतो आणि वाईन जड लागते. तांबडी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडावी. पांढरीला 8 ते 12 अंश पुरतात. जुनी तितकी चांगली, हा नियम बहुतेक वाईनला लागू नाही. नाशिकच्या पांढऱ्या वाईन एक-दोन वर्षांत संपवण्यासाठीच केलेल्या असतात, आणि पत्र्याखालच्या उकाड्यात त्या काही महिन्यांतच शिळ्या होतात. झाकण फिरवून उघडणारी बाटली हलकी समजली जाते, तेही चूक. बुचातल्या ट्रायक्लोरोअॅनिसोल या संयुगाने वाईनला पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो, आणि फिरकीच्या झाकणाने हा दोष बहुतांशी टळतो. असा वास आलेली बाटली विक्रेत्याकडून बदलून मागावी. तो दोष बुचाचा असतो, द्राक्षाचा किंवा वायनरीच्या हवामानाचा नसतो.