साखळी निवडताना

मोटारसायकलसाठी नवी साखळी घेताना पेटीवरील 428 किंवा 520 या आकड्याची खातरजमा प्रथम करावी. त्यातील पहिला अंक दोन पिनांमधील अंतर इंचाच्या अष्टमांशांत सांगतो, म्हणजे 428 मध्ये ते 12.7 मिलिमीटर व 520 मध्ये 15.875 मिलिमीटर, आणि पुढील दोन अंक रुंदीचे निदर्शक असतात. साखळी ‘ताणली’ असे आपण म्हणतो खरे, परंतु पोलादाच्या पट्ट्या सहसा ताणत नाहीत. पिन आणि तिच्याभोवतीचा बुश यांच्या घर्षणाने प्रत्येक सांध्यात जी सूक्ष्म झीज होते, तिचीच बेरीज वाढलेल्या लांबीच्या रूपाने दृष्टीस पडते. याच सांध्यात भरलेले ग्रीस रबरी कड्यांनी कोंडून ठेवणारी ओ-रिंग साखळी म्हणूनच, किंमत अधिक असूनही, दीर्घायुषी ठरते, आणि कोकणच्या पावसाचिखलातून रोज गाडी चालविणाराने, गाडीस ती बसत असल्यास, तीच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती पेट्रोलने धुऊ नये, रबर बिघडते. आकड्यासारखे वाकलेल्या दात्यांवर नवी साखळी चढविणे हा तिच्यावर अन्यायच होय, तेव्हा पुढचे-मागचे दोन्ही स्प्रॉकेट सोबतच बदलावेत. जोडकडीला क्लिप असल्यास तिचे बंद टोक साखळीच्या गतीच्या दिशेस ठेवावे.