बडतर्फीचा कागद

मागच्या पावसाळ्यात एका हवालदाराची बायको माझ्याकडे आली. "ताई, साहेबांनी ह्यांना घरी बसवलं हो," म्हणाली. मला वाटलं, निलंबन असेल. कागद वाचला आणि पोटात गोळाच आला. निलंबनात नोकरी शाबूत असते, निर्वाह भत्ता मिळतो. इथे शब्द होता 'बडतर्फ'. म्हणजे नोकरी गेली, पेन्शन बुडालं, आणि पोलीस लाइनीतली खोलीही जाणार.

"चौकशी झाली का?" "कसली चौकशी! थेट कागदच आला." कारण एका ओळीत: साक्षीदार भीतीने पुढे येणार नाहीत.

राज्यघटनेचं ३११ वं कलम सांगतं, की आरोप कळवून, चौकशी करून, बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. अपवाद आहे. चौकशी व्यवहार्यच नसेल तर ती टाळता येते, पण कारणं लेखी नोंदवावी लागतात. तुलसीराम पटेल खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा अपवाद मान्य केला. मात्र खात्याची बाजू लंगडी आहे म्हणून चौकशी टाळायची नाही, असंही बजावलं. पंजाबातल्या एका हेड कॉन्स्टेबलची बडतर्फी तर १९९० मध्ये याच मुद्द्यावर रद्द झाली. नुसता साहेबांचा शब्द पुरत नाही, कारणामागे ठोस आधार लागतो.

वाट अशी: आधी खात्यात वरिष्ठांकडे अपील. त्याचा निकाल विरुद्ध गेला, की वर्षाच्या आत महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे 'मॅट'. सहा महिने उत्तरच आलं नाही, तरी तिथे जाता येतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला ते बसतं. त्यानंतर उच्च न्यायालय. पण आदेश रद्द झाला म्हणजे माणूस निर्दोष ठरला असं नाही. खातं रीतसर चौकशी नव्याने करू शकतं.

शेजारणी म्हणतात, "पोलिसांची कसली कीव करता?" तो हवालदार निर्दोष आहे की नाही, मी सांगू शकत नाही. पण तेच तर चौकशीत ठरायला हवं होतं ना?

नवरा भिंतीकडे तोंड करून पडलेला असताना धावपळ बायकोलाच करावी लागते. म्हणून मैत्रिणींनो, असा कागद आला तर रडू येईलच. पण आधी तो कोणत्या तारखेला हातात पडला ते पाकिटावर लिहा आणि झेरॉक्स काढा. माझ्याकडे आलेल्या बाईला ती तारीखच आठवत नव्हती.