मॅक तर घेतला, आता डिझाइन कशात करू? (दुकानाच्या वेब ग्राफिक्ससाठी सॉफ्टवेअर निवडताना)



लातूरच्या बॅचला एक ताई आल्या होत्या. घरची तूरडाळ आणि चिंच पाकिटात भरून विकतात. आतापर्यंत आठवडी बाजार आणि ओळखीपाळखीवर धंदा चालला, आता ऑनलाइन ऑर्डर घ्यायच्यात म्हणून हप्त्यावर मॅकबुक एअर घेतलेला. मला म्हणाल्या, "मॅडम, मशीन तर घेतली, पण डिझाइन कशात करू? गंज गोलाईजवळचा प्रिंटिंगवाला म्हणतो कोरल घ्या, पोरगा म्हणतो फोटोशॉप घ्या, भाची म्हणते कॅन्व्हात सगळं होतंय." आणि त्या वर्षभराचं सबस्क्रिप्शन भरायच्या तयारीनेच आल्या होत्या. मॅकचा हप्ता चालू, त्यात हा दुसरा हप्ता. मी म्हटलं, ताई, थांबा. आधी ठरवू की तुम्हाला बनवायचं काय आहे.

त्या दिवशी आम्ही बसून जे ठरवलं, तेच इथे सविस्तर लिहिते. व्हिडिओत घाईघाईत सांगितलं गेलं होतं.

बनवायचं काय आहे?

आपल्यासारख्या छोट्या दुकानदाराला लागतं काय? व्हॉट्सॲप स्टेटस (१०८० बाय १९२० पिक्सेल), इन्स्टाग्रामची पोस्ट (१०८० रुंद), गूगलवरच्या दुकानाच्या प्रोफाइलसाठी फोटो (७२० बाय ७२० चालतो, फाइल ५ एमबीच्या आत), व्हिडिओ टाकत असाल तर थंबनेल (१२८० बाय ७२०), आणि एक लोगो. बस. यातल्या लोगोशिवाय सगळ्या गोष्टी स्क्रीनवरच जन्मतात आणि स्क्रीनवरच संपतात.

लोगोचं मात्र वेगळं आहे, आणि तिथे मी स्वतः तोंडावर आपटलेय. नांदेडला दुकान सुरू केलं तेव्हा मी लोगो फोटो एडिट करायच्या ॲपमध्ये बनवला, ५०० पिक्सेलचा. स्टेटसला झकास दिसायचा. मग दहा फुटी फ्लेक्स करायची वेळ आली आणि अक्षरांच्या कडा अशा फुटल्या की पाटी लांबून भिजल्यासारखी दिसायची. फ्लेक्सवाल्याची काही चूक नव्हती. मी त्याला ठिपक्यांचं चित्र दिलं होतं. फोटो हा ठिपक्यांचा बनतो, मोठा केला की ठिपके दिसतात. लोगो हा रेषांचा, म्हणजे व्हेक्टर, असावा लागतो. तो बिंदीएवढा करा नाहीतर ट्रकवर लावा, कडा साफ राहतात. त्याची फाइल एसव्हीजी किंवा पीडीएफ. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हाच: याच्यात व्हेक्टर होतं का, की नुसते फोटो?

दुसरा मुद्दा रंगाचा. छपाई सीएमवायके रंगात होते, स्क्रीन आरजीबीवर चालते. प्रिंटिंगवाल्याकडून आणलेली पाकिटाची फाइल तशीच वेबवर टाकली की रंग मळकट होतात. मॅकवाल्यांसाठी अजून एक बारीक गोष्ट. मॅकचा पडदा रंग जरा जास्तच खुलवून दाखवतो, कारण तो 'डिस्प्ले पी३' नावाच्या मोठ्या रंगपट्ट्यावर चालतो. एक्स्पोर्ट करताना रंगाची प्रोफाइल 'एसआरजीबी' ठेवा. नाहीतर तुमच्या मॅकवर पिवळीधमक दिसणारी डाळ गिऱ्हाइकाच्या साध्या फोनवर फिकी दिसेल, आणि गिऱ्हाईक विचारेल, जुनी आहे का ओ?

खरी परीक्षा: मराठी अक्षरं

इंग्रजी व्हिडिओ बघून सॉफ्टवेअर घेणारे इथेच फसतात. त्या व्हिडिओवाल्याला जोडाक्षरं लिहायचीच नसतात. आपल्याला 'विद्यार्थ्यांसाठी खास ऑफर' लिहायचं असतं.

देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक ठेवून चालत नाही. पहिली वेलांटी टाइप होते नंतर, पण दिसते अक्षराच्या आधी. रफार डोक्यावर चढतो. हे सगळं जागेवर बसवायचं काम सॉफ्टवेअरच्या आतलं अक्षर जुळवणारं इंजिन करतं, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये ते काम देवनागरीसाठी होतच नाही. मग 'श्री' फुटतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते, आणि सणाच्या शुभेच्छा वाचून लोक हसतात. मी एकदा घाईत अशी पोस्ट पाठवलीय. दहा मिनिटांत तीन जणांचे फोन.

म्हणून कुठलंही सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी, ट्रायलमध्ये, ही ओळ टाइप करून बघा:

दऱ्याखोऱ्यातल्या विद्यार्थ्यांचं श्रीखंड, किल्ल्यातला ट्रॅक्टर, हृदय, ज्ञान, ॲप

'ऱ्या' नीट आला का बघा, हा आडवा र आपल्या मराठीची खास गरज आहे. 'र्थ्यां'मध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढले नाहीत ना? 'ॲ'च्या जागी रिकामा चौकोन तर नाही? मग तीच ओळ एक्स्पोर्ट करून फोनवर उघडा. इथे पास झालं तरच पुढे किमतीचं बोलायचं.

आता प्रिंटिंगवाल्यांचा विषय. नांदेड असो की लातूर, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची दुकानं वर्षानुवर्षं विंडोजवर कोरलड्रॉ आणि श्री-लिपीसारखे जुन्या पद्धतीचे फाँट यावर चालत आलीत. त्यांचं त्यांच्या कामात बरोबरच आहे. पण त्या जुन्या फाँटमध्ये 'क' हा खरं तर इंग्रजी कळीवर चिकटवलेला आकार असतो. तो फाँट नसलेल्या मॅकवर फाइल उघडली की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. वेबसाठी आपल्याला युनिकोडच लागतं. प्रिंटिंगवाल्याकडून फाइल घेताना एवढंच म्हणा, "भाऊ, टेक्स्ट कर्व्ह करून पीडीएफ द्या." कर्व्ह केलं की अक्षरांच्या रेषा होतात, मग फाँट नसला तरी बिघडत नाही. फक्त मजकूर बदलता येत नाही, त्यामुळे शुद्धलेखन आधी तपासा.

टायपिंगसाठी मॅकवर वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. सिस्टिम सेटिंग्ज, त्यात कीबोर्ड, त्यात इनपुट सोर्सेस. देवनागरीचे इनस्क्रिप्ट आणि क्वर्टी दोन्ही लेआउट तिथे सापडतात.

फाँटलाही पैसे घालू नका. गूगल फाँट्सवर मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्त' आणि 'बलू' मोफत आहेत, धंद्यासाठी वापरायची परवानगीही आहे. बलू जाडजूड आणि खेळकर आहे, ऑफरच्या मथळ्याला छान. भाव आणि पत्त्यासाठी मुक्त. आणि ज्यांना 'ल' आणि 'श' अस्सल मराठी वळणाचे हवेत (हिंदी वळणाचा ल पाहिला की माझ्या सासऱ्यांना अजून राग येतो) त्यांनी 'तिरो देवनागरी मराठी' बघावा. तो खास मराठीसाठीच काढलाय.

मग घ्यायचं कोणतं?

आधी मॅकमध्ये जे फुकट बसलंय ते बघा. कीनोट हे प्रेझेंटेशनचं ॲप आहे, पण स्लाइडचा आकार १०८० बाय १०८० करा, फोटो टाका, मराठी मजकूर टाका, आणि एक्स्पोर्टमध्ये इमेजेस निवडा. झाली पोस्ट. देवनागरी नीट येते. फोटो लहान करायला प्रिव्ह्यू आहे. पाकिटाच्या फोटोची पार्श्वभूमी काढायची तर मॅकओएस व्हेंचुरा किंवा पुढची आवृत्ती असेल तर फाइंडरमध्येच फोटोवर राइट क्लिक करून, क्विक ॲक्शन्समध्ये 'रिमूव्ह बॅकग्राउंड' मिळतं. माझ्या बॅचमधल्या निम्म्या लोकांचं काम इथेच संपतं, खरं सांगते.

कॅन्व्हा ब्राउझरमध्ये चालतं, मराठी फाँट आहेत, तयार टेम्प्लेट आहेत. रोजच्या पोस्टला उत्तम. पण मोफत खात्यात पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी आणि एसव्हीजी उतरवता येत नाही, ते पैसे भरणाऱ्यांना. आणि लोगो तिथल्या टेम्प्लेटवरून करू नका. त्यातली चित्रं सगळ्यांना वापरायला दिलेली असतात, त्यावर तुम्हाला ट्रेडमार्क घेता येत नाही. उद्या ब्रँडची नोंदणी करायला गेलात की हे आडवं येईल.

लोगोसाठी मी बहुतेकांना इंकस्केप सांगते. मोफत, मुक्त स्रोत, व्हेक्टर, एसव्हीजी हीच त्याची मूळ फाइल, आणि देवनागरी बरोबर बसवतं. २०२० च्या १.० आवृत्तीपासून ते मॅकवर वेगळी भानगड न करता चालतं. दिसायला रुक्ष आहे, शॉर्टकट शिकायला आठवडा जातो. फोटोसाठी त्याच घराण्यातलं गिंप आहे, त्याची ३.० आवृत्ती २०२५ मध्ये आली. ताकद भरपूर, पण नवख्या माणसाला मेनूत हरवायला होतं.

ॲफिनिटीबद्दल हल्ली सगळे विचारतात. इंग्लंडच्या सेरिफ कंपनीचं हे सॉफ्टवेअर २०१४ मध्ये मॅकवरच सुरू झालं. २०२४ मध्ये कॅन्व्हाने कंपनी विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हेक्टर, फोटो आणि पानांची मांडणी तिन्ही एकत्र करून ते मोफत केलं. कॅन्व्हाचं खातं लागतं, एआयची साधनं पैसे भरणाऱ्यांना. काम अतिशय सफाईचं. पण जुन्या आवृत्त्यांमध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट बसत नव्हती, त्यामुळे वरची ओळ इथे आधी टाइप करून बघाच. फुटली तर एक जुगाड आहे: मजकूर इंकस्केपमध्ये लिहा, 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा, एसव्हीजी सेव्ह करून ॲफिनिटीत उघडा.

पिक्सेलमेटर प्रो हे लिथुआनियात जन्मलेलं आणि २०२५ मध्ये ॲपलच्या मालकीचं झालेलं फोटो ॲप. एकदाच पैसे भरून घेता येतं, वेबसाठी फाइल हलकी करायची सोय चांगली आहे. ज्यांच्या धंद्यात फोटोच सगळं आहे, साडी, दागिने, केक, त्यांनी विचार करावा.

फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर? डिझाइन हाच तुमचा धंदा असेल, इतरांच्या फाइली उघडाव्या लागत असतील, तरच. अ‍ॅडोबीने २०१३ पासून नव्या आवृत्त्या सबस्क्रिप्शनवर नेल्या. महिन्याला पैसे भरायचे पण करार वर्षाचा, अशीही योजना असते. ती मध्येच सोडली तर उरलेल्या रकमेतला काही भाग भरावा लागतो. 'मासिक' शब्द दिसला म्हणून बटण दाबू नका, खालची बारीक ओळ वाचा. घेतलंच तर इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप खाली 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करा, नाहीतर मराठी तुटते आणि लोक फाँटला शिव्या देतात.

कोरलड्रॉ मॅकवर २०१९ पासून पुन्हा मिळतं. पण नुसत्या स्टेटस-पोस्टसाठी ते घेणं म्हणजे लिंबू कापायला कोयता. प्रिंटिंगवाल्याला पीडीएफ चालते, विचारून बघा.

एक्स्पोर्ट करताना

आयफोनचा फोटो साधारण ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचा असतो. तो जसाच्या तसा वेबसाइटवर टाकला तर गावाकडच्या नेटवर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं. प्रिव्ह्यूत टूल्स, ॲडजस्ट साइझ, रुंदी १०८०. फोटो असेल तर जेपीजी, मोठ्या अक्षरांची पोस्ट किंवा पारदर्शक चित्र असेल तर पीएनजी. वेबसाइट स्वतःची असेल तर वेबपी आणखी हलकं पडतं. त्यासाठी ब्राउझरमध्ये चालणारं 'स्क्वूश' मोफत आहे. आयफोनची एचईआयसी फाइल मात्र तशीच कुणाला पाठवू नका, बऱ्याच ठिकाणी उघडत नाही.

त्या ताईंचं काय झालं?

वर्षाचं सबस्क्रिप्शन भरलं नाही. कीनोटमध्ये १०८० बाय १०८० चा एक साचा करून दिला: वर नाव, मध्ये पाकिटाचा फोटो, खाली भाव आणि नंबर. रोज फक्त फोटो आणि भाव बदलायचा. लोगो इंकस्केपमध्ये त्यांच्या पोरानेच केला, चिंचेच्या शेंगेचा, दोन रंगांत. एक गोष्ट मात्र मी अडवली. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणून पोराने उत्साहाने पोस्टवर 'जीआय' लिहिलं होतं. ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. त्यांची डाळ चांगली आहे, पण नोंद नव्हती. तो शब्द काढला, त्या जागी गावाचं नाव आणि 'घरची तूरडाळ' लिहिलं.

पुढच्या व्हिडिओत तोच कीनोटचा साचा पहिल्यापासून बनवून दाखवते. तुमच्या दुकानाचा एक फोटो उजेडात काढून तयार ठेवा.