दोन पट्ट्यांनी टायर निघतो कसा?

भंडारा जिल्ह्यात शाळेवर जाणारा शिक्षक आणि त्याची मोटारसायकल ही जोडी सर्वांच्या ओळखीची आहे. भंडारा, तुमसर किंवा साकोली येथे राहायचे आणि रोज आतल्या गावी जायचे, हा अनेकांचा क्रम असतो. थोडा डांबरी रस्ता, थोडा मुरमाचा आणि शेवटी धानाच्या बांध्यांमधून जाणारी पांदण. धुऱ्यांवर बाभळी असतात आणि बाभळीखाली काटे असतात. त्यामुळे टायर उतरवणे आणि पंक्चर काढणे हे दृश्य आपण नेहमी पाहतो. कारागीर दोन लोखंडी पट्ट्या घेतो, चार-सहा वेळा दाबतो आणि टायर रिमवरून बाहेर येतो.

हे पाहताना एक प्रश्न पडायला हवा. टायरच्या दोन्ही कडांमध्ये पोलादी तारांचे कडे असते. ते हाताने ताणले जात नाही. या कड्याचा व्यास रिमच्या बाहेरच्या काठाच्या व्यासापेक्षा लहान असतो. तसा तो नसता तर टायर रिमवर राहिलाच नसता. मग लहान कडे मोठ्या काठावरून बाहेर येते कसे? आणि ते इतक्या सहज येत असेल, तर रस्त्यावर धावताना का निघत नाही?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. घरी टायर बदलणारे पुष्कळ जण आहेत. त्यातले तत्त्व माहीत नसले की माणूस ताकद लावतो, ट्यूब फाडतो, रिम वाकवतो. चुकीचा बसलेला टायर भरधाव गाडीखाली हवा सोडतो, तेव्हा मागे बसलेले मूलही रस्त्यावर पडते.

थोडा इतिहास

हवेच्या टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये घेतले. पण ती कल्पना विस्मरणात गेली. पुढे बेलफास्ट येथे पशुवैद्य असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर तयार केला आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचा हक्क टिकला नाही, नाव मात्र राहिले.

डनलॉपचा टायर रिमवर चिकटवलेला असे. पंक्चर काढायचे म्हणजे सगळे उकलायचे आणि पुन्हा चिकटवून वाळू द्यायचे. ही अडचण १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च या इंग्रज संशोधकाने सोडवली. टायरच्या कडेत न ताणणारी तार घालायची आणि रिमच्या मध्यभागी खोलगट चर ठेवायचा, ही त्याची युक्ती होती. आज आपल्या दारात उभ्या असलेल्या मोटारसायकलचे चाक याच युक्तीवर चालते.

चराचा हिशेब

नुसती रिम आडवी धरून तिचा छेद मनात आणा. दोन्ही बाजूंना उंच काठ, त्यांच्या आत टायरची कड जिथे टेकते ती बैठक आणि मध्यभागी खोल चर. सोयीसाठी १८ इंची चाकाचे आकडे थोडे पूर्णांकाकडे झुकवून घेऊ. चाकाच्या केंद्रापासून बैठकीची त्रिज्या २३ सें.मी., काठाची २४.५ सें.मी. आणि चराच्या तळाची २१.५ सें.मी. समजा.

तारेचे कडे बैठकीवर बसलेले असताना त्याचा परीघ २ × ३.१४ × २३ म्हणजे सुमारे १४४.५ सें.मी. काठाचा परीघ सुमारे १५४ सें.मी. कडे साडेनऊ सेंटिमीटरने आखूड आहे. तार ताणून ही तूट भरणे कोणाही पहिलवानाला शक्य नाही.

आता अर्ध्या चाकावरची कड पायाने दाबून चरात ढकला. तेवढ्या भागात तारेला अर्धे वर्तुळ २३ ऐवजी २१.५ सें.मी. त्रिज्येने पुरे करायचे आहे. म्हणजे ७२ ऐवजी ६७.५ सें.मी. लांबी पुरते आणि सुमारे ४.७ सें.मी. ढील मिळते. समोरच्या अर्ध्या भागात कड काठावर चढवायला किती जास्त लांबी लागते? ७७ वजा ७२.३, म्हणजे तेही सुमारे ४.७ सें.मी.! एका बाजूला वाचवलेली लांबी दुसऱ्या बाजूला खर्च होते. तार एक मिलिमीटरही ताणलेली नसते.

प्रत्यक्षात कड काठ ओलांडते त्या दोन जागी तार तिरकी जाते आणि तिथे थोडी लांबी जास्त खर्च होते. म्हणूनच टायर चढवताना शेवटचा वीतभर भाग सर्वांत घट्ट लागतो. अशा वेळी पट्टीवर जोर वाढवू नये. समोरची कड चरातून वर आली आहे का ते पाहून ती पुन्हा खाली दाबावी.

वर्गात करून पाहा

जाड पुठ्ठ्याच्या १४ सें.मी. व्यासाच्या चार चकत्या कापा. १२ सें.मी. व्यासाची एक आणि ८ सें.मी. व्यासाची एक, अशा आणखी दोन कापा. दोन मोठ्या चकत्यांमध्ये १२ सें.मी.ची चकती मध्यभागी चिकटवून एक चाक करा. उरलेल्या दोन मोठ्या चकत्यांमध्ये ८ सें.मी.ची चिकटवून दुसरे करा. दोन्ही चाकांच्या खोबणीत न ताणणारा दोरा असा बांधा की फासाचा परीघ बरोबर ४० सें.मी. होईल. मोठ्या चकतीचा परीघ ४४ सें.मी. आहे, म्हणजे फास काठापेक्षा लहान आहे.

आता दोरा न सोडता आणि पुठ्ठा न वाकवता फास बाहेर काढायला सांगा. पहिल्या चाकात खोबणी उथळ असल्याने समोरचा दोरा फारसा खाली दाबता येत नाही. दुसऱ्यात समोरचा दोरा खोबणीच्या तळाशी दाबला की फास सुटून येतो. मुलांना आधी अंदाज करू द्या, मग प्रयोग करा.

पट्टी, साबण आणि बल

हातातली लोखंडी पट्टी ही पहिल्या प्रकारची तरफ आहे. टेकू म्हणजे रिमचा काठ. पट्टी ३० सें.मी. लांब आणि तिचे टोक टेकूपासून ३ सें.मी. आत असेल, तर बलभुजा २७ आणि भारभुजा ३ सें.मी.; बल नऊपट होते. हाताने १० किलोग्रॅम-भार लावला तर टोकाशी ९० किलोग्रॅम-भार मिळतो. हेच ९० किलोग्रॅम ट्यूबवर पडले तर ती चिमटते आणि फाटते. ज्याला पट्टीवर उभे राहण्याची वेळ येते, त्याची कड चरात नाही असे खुशाल समजावे.

कडेला साबणाचे पाणी लावतात ते घर्षण कमी करण्यासाठी. मग तेल किंवा ग्रीस का नको? खनिज तेल रबरात मुरते आणि रबर फुगून कमकुवत होते. शिवाय तेल वाळत नाही. टायर नंतरही रिमवर घसरत राहतो आणि ब्रेक लावताना ट्यूब ओढली जाऊन वॉल्व्ह मुळापासून तुटू शकतो. साबणाचे पाणी काम होईपर्यंत ओले राहते आणि नंतर वाळून जाते.

कामाचा क्रम

गाडी सपाट, टणक जागी मधल्या स्टँडवर घ्यावी. मागचे चाक काढण्यापूर्वी साखळी ताणण्याच्या खुणा कुठे आहेत ते दोन्ही बाजूंना लिहून ठेवावे. ब्रेकची सळई आणि ब्रेक-प्लेटला धरणारा दांडा सोडवून अ‍ॅक्सल काढावा. वॉल्व्हमधली सुई काढून सगळी हवा सोडावी. हवा थोडीही उरली तर कड चरात उतरत नाही.

मग दोन्ही बाजूंच्या कडा पायाने दाबून बैठकीवरून सोडवाव्यात आणि पट्टीने उचलायला सुरुवात वॉल्व्हपाशी करावी. याचे कारण आपल्या हिशेबातच आहे. वॉल्व्हच्या जागी ट्यूबचा जाड भाग चरात बसलेला असतो, म्हणून कड तिथे खाली उतरू शकत नाही. ती उतरायला हवी वॉल्व्हच्या समोरच्या बाजूला. टायर चढवताना क्रम उलटा : सुरुवात वॉल्व्हच्या समोर, शेवट वॉल्व्हपाशी. पट्टीचा घास दर वेळी चार-पाच सेंटिमीटरचाच घ्यावा.

ट्यूब काढल्यावर टायर आतून कापडाने पुसावा. बाभळीचा काटा आत राहिला असेल तर कापड अडकते आणि बोट वाचते. आऱ्यांची टोके झाकणारी रबरी पट्टी जागेवर आहे का ते पाहावे. नवा टायर चढवताना बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने असावा. हलक्या जागेचा रंगीत ठिपका असेल तर तो वॉल्व्हपाशी आणावा. वॉल्व्हच्या वजनाने तोल साधतो. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरूनच ती आत सारावी, म्हणजे तिला घडी पडत नाही.

विकत घेताना टायरवरचे आकडे वाचावेत. ‘८०/१००-१८’ याचा अर्थ रुंदी ८० मि.मी., उंची रुंदीच्या १०० टक्के आणि रिम १८ इंची. लंबगोल चौकटीतले चार आकडे निर्मितीची वेळ सांगतात : ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा.

हवा काय करते?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. धावताना टायर का निघत नाही? १८ इंची टायरच्या एका बाजूच्या भिंतीचे क्षेत्रफळ हजार चौरस सेंटिमीटरहून जास्त भरते. दर चौरस सेंटिमीटरला २ किलोग्रॅम दाब धरला, तर हवा त्या भिंतीला दोन हजार किलोग्रॅम-भाराहून अधिक बलाने बाहेर ढकलते. या बलाचा मोठा वाटा कडेवर येतो आणि कड काठाला घट्ट चिकटून राहते. हवा आहे तोवर कडेला चरात जाण्याची वाटच नाही. हवा अचानक गेली की ती वाट मोकळी होते. कड चरात पडते आणि धावत्या चाकावरून टायर उतरू शकतो. टायर उतरवण्याची सोय आणि अपघाताची वाट एकच आहे. त्यांच्यामध्ये उभी असते ती फक्त हवा.

म्हणून हवेचा हिशेब नीट ठेवला पाहिजे. विदर्भातल्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि तापलेल्या डांबरावर टायर त्याहून गरम होतो. सकाळी २८ अंश सेल्सिअसला मापकावर २ किलोग्रॅम दाब होता असे समजा. मापक वातावरणाचा दाब सोडून मोजते, म्हणून खरा दाब सुमारे ३ किलोग्रॅम. दुपारी आतली हवा ६० अंश झाली तर निरपेक्ष तापमान ३०१ वरून ३३३ केल्विन होते. आकारमान तेवढेच मानले तर दाब ३ × ३३३ ÷ ३०१, म्हणजे सुमारे ३.३, मापक २.३ दाखवील. हे पाहून दुपारी हवा काढू नये, कारण रात्री ती कमी पडेल. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी आणि गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावी. कमी हवेचा टायर दर फेरीला जास्त दबतो आणि अधिक तापतो. उन्हाळ्यात खरा धोका त्याचाच असतो.

नवा टायर चढवल्यावर कडेजवळची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका ठिकाणी ती आत गेलेली दिसली तर हवा सोडावी, साबण लावावा आणि पुन्हा भरावी. ‘जास्त हवा भरली की बसेल’ असे म्हणून टायरवर लिहिलेल्या कमाल दाबापलीकडे कधीही जाऊ नये. दाबलेली हवा म्हणजे दाबलेली स्प्रिंग. कड किंवा रिम फुटली तर समोरच्याचा हात आणि डोळा जातो. चाक बसवल्यावर साखळीची ढील आणि ब्रेक तपासून आधी अंगणात हळू चालवून पाहावे.

ट्यूबलेस टायरचे काम मात्र यंत्र असलेल्या दुकानात द्यावे. त्याच्या रिमवर बैठकीच्या आत एक लहान उंचवटा असतो. हवा गेली तरी कड पटकन चरात पडू नये म्हणून तो ठेवलेला असतो, आणि म्हणूनच पायाने दाबून कड सहसा सुटत नाही. शिवाय पट्टीने रिमवर ओरखडा पडला तर तिथूनच हवा झिरपते.

मुलांसाठी प्रश्न

१. मोटारसायकल मधल्या स्टँडवर असताना मागच्या चाकाला खडूची भुकटी लावा. मग गाडी हळूच कागदावर उतरवून पुन्हा उचला. उमटलेल्या ठशाचे क्षेत्रफळ आलेख कागदावर मोजा. चाकावरचा भार भागिले हवेचा दाब हे उत्तर त्याच्याशी कितपत जुळते? फरक का पडतो?

२. ट्रकच्या जुन्या पद्धतीच्या रिमला चर नसतो. तिची एक कड सुट्या कड्यासारखी निघते. तसे का करावे लागत असेल? ते कडे नीट न बसवता हवा भरणे धोक्याचे का?

३. गावातल्या पंक्चर काढणाऱ्या कारागिराला एक तास शाळेत बोलवा. तो टायर कुठून सोडवायला सुरुवात करतो ते पाहा आणि कारण विचारा. त्याचे उत्तर आणि आपला हिशेब दोन्ही फळ्यावर शेजारी शेजारी लिहा.